बाई, दुसरा चहा राहिला

बाई, मी दूध आणायला गेलो आणि ताक घेऊन आलो.

यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. डेअरीवाल्याने दोन्ही पिशव्या गाठ मारून समोर ठेवल्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गार. मी बोट दाखवलं ते ताकाकडे. त्याने विचारलंही, "साहेब, हेच ना?" आणि मी "हो हो, हेच" म्हणालो. मी त्या वेळी डेअरीत नव्हतोच. मी आपल्या गॅलरीत तुमच्यासमोर बसलो होतो आणि मनातल्या मनात तुम्हाला असं काही निरुत्तर करत होतो की विचारू नका. घरी आलो, तुम्ही आधण ठेवलेलंच होतं, त्यात पिशवी उपडी केली. पुढे चहाचं काय झालं ते तुम्ही पाहिलंतच. चमच्याने थोडं उचलून उजेडात धरलंत आणि म्हणालात, "जावई, तुमच्याशी आता चहाचंसुद्धा पटेना."

मग गॅस बंद केलात. "राहू दे. परत जाल आणि या खेपेला लोणी आणाल. दुसरा चहा पुढच्या रविवारी."

पुढचा रविवार आला, बाई. तुम्ही बुधवारी दुपारीच गेलात.

भेटायला येणारे विचारतात, "कसं झालं हो अचानक?" आणि मी ताकापासून सुरुवात करतो. शैला आतून डोळे वटारते. लोकांना हार्ट, बीपी, डॉक्टर कधी आले वगैरे ऐकायचं असतं, आणि हा माणूस नासलेल्या चहाबद्दल बोलतोय. तळमजल्यावरच्या साठ्यांनी तर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शैलाला बाजूला घेऊन सांगितलं, "मिस्टरांकडे जरा लक्ष द्या." पण मी त्यांना कुठून समजावू? आपल्या घरात पहिला चहा, दुसरा चहा आणि तिसरा चहा म्हणजे काय, हे समजावायला दहा वर्षं मागे जावं लागेल.

तुम्ही आमच्याकडे राहायला आलात तेव्हा खाडीपूल नवा होता आणि वाशी त्याहून नवी. एकसारख्या इमारती, मध्ये नुसता मुरूम, संध्याकाळी पलीकडच्या पाणथळीतून कोल्हे ओरडायचे. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. तुमच्या मुलाची, सुहासची, पुण्यात एकच खोली. इथे शैलाची बँक, माझी कचेरी आणि अनघा नुकती पहिलीत. तुम्ही दादरच्या शाळेतली नोकरी मुदतीआधी सोडलीत आणि नातीसाठी म्हणून आलात. लेकीच्या घरी राहायचा संकोच इतका, की ट्रंक दोन वर्षं खाटेखाली भरलेली होती. मी पहिल्याच दिवशी वाकून "सासूबाई" म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, "ते नको. ते ऐकलं की मला माझी सासू दिसते." मग सगळी इमारत म्हणायची तसं मीही बाई म्हणायला लागलो.

त्या वेळच्या बाईंची मला भीती वाटायची. पंचवीस वर्षं पोरांच्या पाटीवर बरोबर आणि चूक अशा दोनच खुणा केलेली बाई. पेपर वाचतानासुद्धा तुमच्या हातात लाल पेन्सिल असे. अग्रलेखाला दहापैकी चार, पाऊसपाण्याच्या अंदाजाला शून्य. बायकांनी मोठ्याने हसू नये, बरोबर. पोरांनी उलट विचारू नये, बरोबर. जावयाने स्वयंपाकघरात लुडबुड करू नये, बरोबर, अधोरेखित.

आणि मी तेहतीस वर्षांचा, सुधारलेला. सुधारलेला म्हणजे हुंडा घेतला नव्हता आणि ते दर लग्नात कुणाला ना कुणाला सांगत होतो. माझी सगळी मतं कॉलेज सुटताना तयार झाली होती, पुढे मी त्यांना फक्त इस्त्री करत आलो. त्यामुळे आपल्या दोघांत जुनं कोण आणि नवं कोण हे मी गृहीत धरलं होतं. तुम्ही जुन्या, मी नवा. तुम्हाला हळूहळू सुधारायचं, असा माझा विचार होता. हसू नका.

मग ते हिराबाईचं प्रकरण झालं.

हिराबाई वाशी गावातून मासे घेऊन यायची. तिची वाट आपल्या कंपाउंडमधून होती. म्हणजे वाट तिचीच होती, कंपाउंड नंतर आलं. पाटीतलं पाणी जिन्यावर ठिबकायचं, वास राहायचा. सोसायटीची मीटिंग गच्चीवर भरली तेव्हा तुम्ही उठून ठराव मांडलात की मासेवाल्यांना फाटकातून आत घेऊ नये. शाळेतल्या बाईंचं वळणदार अक्षर आणि खणखणीत आवाज, कुणाची विरोध करायची टाप होती? एकमताने पास. खाली उतरताना मी म्हणालो, "बाई, काल पापलेट तुम्हीच घेतलंत ना?" तुम्ही म्हणालात, "मासे खाणं वेगळं आणि शिस्त वेगळी."

दोन दिवसांनी हिराबाई फाटकाबाहेर उभी. तुम्हाला बघून ओरडली, "बाई, आता मी कुठनं येऊ? उरून? पाखरावानी?"

तुम्ही वर निघून आलात. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पिशवी घेऊन निघालात, कुठे ते सांगितलं नाहीत. परत आलात तेव्हा चेहरा लालबुंद, चपलेचा अंगठा तुटलेला. फाटक बंद केल्यावर हिराबाईला ज्या रस्त्याने वळसा घालून यावं लागणार होतं, तो सगळा रस्ता तुम्ही चालून आला होतात. मी पाण्याचा तांब्या दिला. तुम्ही तो संपवलात आणि एवढंच बोललात, "माझ्या डोक्यावर तर पाटीही नव्हती."

पुढच्या मीटिंगला तुम्ही पुन्हा उठलात आणि तोच ठराव रद्द करा म्हणालात. चेअरमन गोंधळले. "अहो बाई, ठराव तुमचाच आहे!"

"म्हणून तर विरोध करायचा पहिला हक्क माझा."

"मग मागच्या महिन्यात मांडलात कशाला?"

"मागच्या महिन्यात मला कळत नव्हतं."

बाई, त्या गच्चीवर ते वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या सोसायटीत माणूस एक वेळ पाण्याची पाळी सोडेल, पण 'मला कळत नव्हतं' म्हणणार नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला तर घाम फुटला. घरी येऊन मी, सुधारलेला जावई, तुम्हाला काय म्हणालो? "बाई, लोक काय म्हणतील? सकाळी एक, संध्याकाळी एक. मागच्या महिन्यात तुम्ही वेगळंच बोलत होतात."

"मागच्या महिन्यात मी एका महिन्याने लहान होते," तुम्ही म्हणालात.

पन्नाशीच्या बाईने हे म्हणावं! मला वाटलं होतं, माणूस एका वयानंतर पिकतो, वाढत नाही. तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत वाढायला लागलात, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं नाही. सासवा म्हाताऱ्या होतात हे ऐकून होतो, मोठ्या होतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

चहाची रीत त्याच आठवड्यात सुरू झाली. रविवारी दुपारी गॅलरीत दोन लोखंडी खुर्च्या. वादाला एक विषय. बाजू निवडायचा मान धाकट्याचा, म्हणजे माझा. उरलेली बाजू तुमची, पटो न पटो. पहिला चहा होईपर्यंत आपापल्या बाजूने भांडायचं. मग दुसरा चहा, आणि बाजू पालटायच्या. मी तुमची घ्यायची, तुम्ही माझी. आणि तिसऱ्या चहाला ज्याने त्याने आपलं खरं मत सांगायचं. त्याआधी खरं मत विचारायचं नाही.

पहिल्या चहात मी वाघ होतो. दुसऱ्यात माझी शेळी व्हायची. आठवतंय, पहिल्याच खेपेला तुमच्या बाजूने बोलायची वेळ आली आणि मी हात जोडून म्हणालो, "बाई, तुमचं बरोबर आहे." तुम्ही भडकलात. "शरण येऊ नका. माझ्या बाजूने भांडा." मी पुन्हा म्हणालो, "तुमचं अगदी बरोबर आहे." तुम्ही कपाळाला हात लावलात. "जावई, याला मार्क नाहीत."

तुम्ही मात्र माझी बाजू अशी घ्यायचात की मला वाटायचं, अरे, हे मला आधी का नाही सुचलं? टीव्हीचं तसंच झालं. मला टीव्ही हवा होता, तुमच्या वाट्याला विरोध आला. पहिल्या चहाला तुम्ही माझे वाभाडे काढलेत. दुसऱ्याला माझ्या बाजूने असं बोललात, की दिवसभर एकट्या असणाऱ्या माणसाला घरात दुसरा आवाज लागतो वगैरे, की मी तिसऱ्या चहाची वाट न बघता उठलो आणि टीव्ही सांगून आलो. तो घरात आल्यावर तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिसऱ्या चहाला थांबला असतात तर सांगितलं असतं. मला टीव्ही नको होता."

एवढ्यासाठी हे सांगितलं, की तुमचं खरं मत काय हे तिसऱ्या चहाआधी ओळखणं मला दहा वर्षांत एकदाही जमलं नाही.

तुम्ही हे सगळं माझ्या करमणुकीसाठी करत नव्हतात, हेही मला उशिरा कळलं. मी चाळिशीला आलो तेव्हा खात्याच्या परीक्षेत दुसऱ्यांदा आपटलो. घरी जाहीर केलं की आता डोकं चालत नाही, चाळिशीनंतर माणसाने पेन्शनीचा विचार करावा. नियमांचं ते जाडजूड पुस्तक उचललंत आणि स्वतः वाचायला बसलात. आठवड्याने माझ्यासमोर येऊन विचारलंत, "जावई, अर्धपगारी रजेवर असताना माणूस वारला तर पुढे काय?" मला येत नव्हतं. तुम्हालाही येत नव्हतं. मग दोघांनी शोधलं. तुम्हाला रजेचे नियम इतके आवडले की घरात ते लागू झाले. मी पेपर घेऊन लवंडलो की आतून आवाज यायचा, "तुमची किरकोळ रजा संपली, भांडी विसळा." मी तिसऱ्यांदा पास झालो. शैला अजून म्हणते की परीक्षा आईने दिली, हा फक्त बसला.

मी तुमचे आभार मानले नाहीत. पेढे आणले, ते मीच जास्त खाल्ले.

एका संध्याकाळचं मात्र मला टोचत राहतं. आपण खाडीच्या बांधावर गेलो होतो. अनघा पुढे चिखलात काठी खुपसत होती, पाणी कुठवर येऊन गेलं ते बघत. तुम्ही बसलात, चपला काढून बाजूला ठेवल्यात. मग म्हणालात, "माझ्या हाताखालून किती पोरं गेली, जावई. सगळ्यांना मी एकच उत्तर पाठ करायला लावलं. ज्याने दुसरं दिलं त्याला उभं केलं. आता वाटतं, त्यातल्या कुणाला तरी काहीतरी दिसलं असेल. ती पोरं आता मोठी झाली असतील. त्यांना कुठे शोधू?"

काही सुचलं नाही की मी विनोद करतो, हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हणालो, "सगळ्यांना एकदम चहाला बोलवा. दुधाचं मी बघतो."

तुम्ही हसलात. तोंडाने हसलात. मग उठून अनघाच्या मागे गेलात. त्यानंतर हा विषय तुम्ही माझ्याकडे पुन्हा काढला नाहीत. दुसऱ्या कुणाकडे काढलात का? मी शैलाला विचारायला हवं होतं. आता कसं विचारू?

आता त्या रविवारचं.

अनघाला दहावीला मार्क चांगले पडले. इतके चांगले, की साठ्यांनी आपल्या पोराला बोलावून तिच्याकडे बघायला लावलं. आणि पोरगी म्हणते, मला सायन्स नको, आर्ट्सला जाऊन भूगोल घ्यायचाय. मी आधी थट्टेवारी नेलं. "भूगोल घेऊन काय करणार? नकाशे विकणार?" ती म्हणाली, "बाबा, आपली बिल्डिंग जिथे आहे तिथे आधी काय होतं माहितेय तुम्हाला? मिठागर. पावसात आपल्याच दारात पाणी का तुंबतं, कधी विचार केलाय?" मी म्हणालो, पाणी तुंबतं कारण गटार साफ करत नाहीत. ती उठून गेली. अर्जावर पालकांची सही लागते, ती करायची मी. तीन आठवडे राहिले होते.

म्हणून विषय तोच ठरला. मी धाकटा, मी सायन्स घेतलं. भूगोल तुमच्या वाट्याला आला.

पहिला चहा जोरात झाला. मी म्हणालो, मार्क आहेत तर वाया कशाला घालवायचे? तुम्ही म्हणालात, "मार्क तिचे आहेत की तुमचे?" मी म्हणालो, सोळाव्या वर्षी कुणाला काय कळतं? तुम्ही म्हणालात, "एकोणपन्नासाव्या वर्षी मला कळत नव्हतं. मग वयाचं काय घेऊन बसलात?" मी हरत होतो. हरायला लागलो की मी हाताला येईल ते फेकतो, म्हणून फेकलं.

"तुम्हीच ना, शैलाला संस्कृत घ्यायचं होतं तर तिला धरून कॉमर्सला घातलंत? रडत होती म्हणे. आज बँकेत ऑफिसर आहे. मग तेव्हा चुकलात की आज चुकताय?"

आतलं पोळपाट-लाटणं थांबलं. शैला आत पोळ्या लाटत होती.

तुम्ही कप खाली ठेवलात. "हे चांगलं बोललात," म्हणालात. "पण याचं उत्तर आत्ता नाही देणार. आता बाजू पालटायची. दुसऱ्या चहाला हेच मला तुमच्याकडून बोलायचंय. दूध संपलंय, घेऊन या."

आणि मी गेलो. वाटेत स्वतःवर बेहद्द खूश होतो. दहा वर्षांत पहिल्यांदा बाईंना उत्तराला थांबावं लागलं! डेअरीवाला समोर उभा आणि मी मनात टाळ्या घेतोय. ताकाचं ते असं झालं, बाई. चहा नासला तेव्हा तुम्ही जे हसलात, त्यात मला सुटल्यासारखंही वाटलं. एक आठवडाभर जिंकलेला राहायला मिळालं.

बुधवारी मी कचेरीत होतो. शेजारच्या वहिनींनी फोन केला. खुर्ची गॅलरीतच होती, पेपर मांडीवर, पेन्सिल खाली पडलेली. डॉक्टर म्हणाले त्रास झाला नसेल. डॉक्टर सगळ्यांना तसंच सांगतात. तुम्ही असतात तर विचारलं असतं, "तुम्हाला कसं कळलं?"

तेराव्याला सगळे जमले. जेवणं झाल्यावर सुहास माझ्याजवळ सरकला. सुहास तुमचा मुलगा, त्याला सगळं नीट, रीतसर लागतं. म्हणाला, "भावजी, अनघाचं अडकलंय ना? आईचं काय म्हणणं होतं? तुम्हीच शेवटचं बोललात तिच्याशी यावर. आई म्हणाली असेल तसं करू."

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. अनघा भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तिला उत्तर ठाऊक आहे. तिने त्या रविवारी खिडकीतून ऐकलं होतं, आजी भूगोलाच्या बाजूने भांडत होती. आणि मला ठाऊक होतं की ती बाजू तुम्ही घेतलेली नव्हती, मी सायन्स उचलल्यामुळे तुमच्या पदरात पडली होती. मी 'हो, भूगोल' म्हणालो असतो तर मुलगी खूश. 'नाही, सायन्स' म्हणालो असतो तरी कुणी मला खोटं पाडू शकलं नसतं. खोटं पाडणारी एकच बाई होती.

मी म्हणालो, "तिसरा चहा झाला नाही."

सुहास म्हणाला, "करायला सांगू का?"

बाई, त्या क्षणी तुम्ही हव्या होतात. ते तुमच्या आवडीचं होतं. मी हसायला लागलो आणि मग ते हसणं कुठल्या कुठे गेलं. लोकांनी मला पाणी दिलं. साठे पुन्हा खांद्यावर हात ठेवून गेले.

पाहुणे गेल्यावर शैला माझ्याजवळ येऊन बसली. तुमची लेक काही विचारायची असली की आधी पदराला हात पुसते. हात कोरडेच होते. म्हणाली, "अहो, आई दुसऱ्या चहाला काय बोलणार होती?"

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल. तुम्ही ते संस्कृतचं काढलंत ना. ती म्हणाली, उत्तर देते. वीस वर्षं मी तिला विचारलं नाही. तुम्ही विचारलंत, तेसुद्धा भांडणात. आणि ती सांगणार होती." तिने पुन्हा हात पुसले. "सोमवारी माझ्या केसांना तेल लावत होती. मला वाटलं आता बोलेल. नाही बोलली. मी म्हटलं, रविवारी ऐकू येईलच आतून."

मी काय सांगू? तुम्ही माझ्या बाजूने बोलणार होतात, म्हणजे मुलीला धरून कॉमर्सला घालणं कसं बरोबर होतं ते सांगणार होतात. आणि ते तुम्ही असं सांगितलं असतंत की शैलाला आईच्या त्या वेळच्या अडचणी दिसल्या असत्या, कदाचित भीती दिसली असती. मग तिसऱ्या चहाला म्हणाला असतात, माझं चुकलं. किंवा म्हणाला असतात, अजूनही मी तेच करीन. मला दोन्ही तुमच्या आवाजात ऐकू येतं. सारख्याच खणखणीत आवाजात. दहा वर्षं समोर बसून मी एवढंच शिकलो, की तुम्ही दोन्ही म्हणू शकला असता. कुठलं म्हणाला असता, ते शिकलो नाही.

मी शैलाला म्हणालो, "मला माहीत नाही."

ती म्हणाली, "निदान हे तरी खरं बोललात," आणि दिवा लावायला उठली.

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, बाई. तुम्ही ज्या वयात आमच्याकडे आलात त्याच्या जवळ पोचतोय. तुम्ही म्हणायचात की खरं शिकणं पन्नाशीच्या आसपास सुरू होतं, कारण तोवर माणसाला आपलीच उत्तरं ऐकून कंटाळा येतो. मला माझ्या उत्तरांचा कंटाळा अजून येत नाही, हीच पंचाईत आहे. अनघा सोळाची, ती मला जुना समजते. तुम्हाला ती जुनं समजत नव्हती. मध्ये मी, दोघींच्या मध्ये बसलेला, आणि सगळ्यांत म्हातारा मीच निघालो. हे मी तुम्हाला पुढच्या रविवारी सांगणार होतो असं म्हटलं तर ते खोटं होईल. हे मला तुम्ही गेल्यावर सुचलं. तुम्ही असतात तर मी अजून जिंकल्याच्या आनंदात असतो.

आज रविवार. अर्ज उद्या द्यायचाय.

दुपारी मी दोन खुर्च्या मांडल्या. म्हटलं, बाजू पालटायची माझी पाळी होती, ती तरी फेडू. तुमच्या खुर्चीकडे तोंड करून बसलो आणि भूगोलाच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं. काही येईना. मी सायन्सच्या बाजूने पाऊण तास बोलू शकतो, झोपेत बोलू शकतो. भूगोल म्हटलं की डोळ्यांसमोर चौथीतल्या नद्या येतात. मला तुमच्याकडे बघून चिडायचं होतं. मार्क द्यायला तरी कुणी हवं होतं. खुर्चीवर वाळत घातलेला टॉवेल होता.

मागे पावलं वाजली. अनघा दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"बाबा, कुणाशी बोलताय?"

"बाजू पालटतोय."

ती पुढे आली. टॉवेल उचलला, तुमच्या खुर्चीत बसली, पाय तुमच्यासारखेच वर घेतले. "म्हणजे आता तुम्ही माझ्याकडून बोलणार?"

"हो."

"बोला. आजी काय बोलली ते नाही. तुमचं तुम्ही बोला."

मी घसा साफ केला. म्हणालो, भूगोल हा एक अत्यंत महत्त्वाचा विषय आहे. तिने टॉवेलची घडी घातली. म्हणालो, पृथ्वी आहे म्हणून आपण आहोत. तिने घडी मोडली. मग मी म्हणालो की उद्या हे शहर वाढणार, खारघरच्या डोंगरापर्यंत जाणार, तेव्हा पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे माहीत असणारं कुणीतरी लागेल, आणि ज्या मुलीला लहानपणापासून चिखलात काठी खुपसून पाणी कुठवर आलं होतं ते बघायची सवय आहे, तिने... इथवर बरं चाललं होतं, बाई. तिचे डोळे जरा बदललेसुद्धा. पण मला तेवढ्यात बांध आठवला, तुम्ही आठवलात, ती कुठे शोधू म्हटलेली पोरं आठवली. असं काही आठवलं की मी काय करतो? मी घाईघाईने म्हणालो, "आणि शिवाय, भूगोलाला स्कोप आहे. बँकेच्या परीक्षेत भूगोलाचे प्रश्न येतात."

अनघाने पाय खाली घेतले. मग उठली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि आत जाता जाता म्हणाली, "बाबा, सही करा आणि गप्प बसा. तुम्ही माझ्या बाजूने अजून दोन मिनिटं बोललात ना, तर मी आपणहून सायन्सला जाईन."